हातांवरचे डाग आणि आत्याच्या घरची मागणी

पत्र

माननीय डॉक्टरसाहेब,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरची कास्तकारी आहे. माझी मोठी मुलगी वीस वर्षांची असून तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. ती चार-पाच वर्षांची असताना तिच्या हातांच्या आणि पायांच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे काळे आणि पांढरे ठिपके उठू लागले. चौथी-पाचवीपर्यंत ते वाढले. चेहऱ्यावरही बारीक तपकिरी ठिपके आहेत. खाज नाही, दुखणे नाही. माझ्या यजमानांचे हात असेच आहेत. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होऊन गेले, त्यांचेही असेच होते. नणंदबाईंचे आणि त्यांच्या मुलाचेही तसेच आहेत. गावात कोणी कोड म्हणते, कोणी त्याहून वाईट म्हणते. मुलगी भर उन्हाळ्यातही पायांत मोजे घालून कॉलेजला जाते. आजवर मलमे झाली, बावचीचे तेल झाले, पथ्य झाले. शेवटी मेडिकल कॉलेजात दाखवले. तिथे भिंगातून पाहिले, कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला आणि कागदावर 'डिस्क्रोमॅटोसिस सिमेट्रिका हेरेडिटेरिया' असे लिहून दिले. डॉक्टर म्हणाले, याने काही होत नाही, घरी जा. काही होत नाही म्हणजे नेमके काय, हे त्या गर्दीत विचारणे जमले नाही. दर उन्हाळ्यात डाग वाढतात असे मला वाटते. पुढे याचा कर्करोग किंवा महारोग होईल का? औषध आहे का? दोन ठिकाणची सोयरिक हात पाहून फिरली. आता नणंदबाईंनी आपल्या मुलासाठी तिला मागितले आहे. त्या म्हणतात, आमच्याही घरात हेच आहे, आम्हाला काही सांगायचे नाही की विचारायचे नाही. यजमानांचा होकार आहे आणि मलाही सुटल्यासारखे वाटते. आपण मार्गदर्शन करावे.

एक आई

उत्तर

ताई, मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी सांगितले ते खरे आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हे उत्तर थोडे लांबणार आहे. तुमच्या पत्रातील ज्या गोष्टींनी तुमची झोप उडाली आहे त्यांपैकी बहुतेकींची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र पत्राच्या शेवटी, जणू प्रश्न सुटलाच आहे अशा सुरात, तुम्ही जी गोष्ट लिहिली आहे, तिथेच मला थांबावेसे वाटते. ती म्हणजे नणंदबाईंच्या घरची मागणी. तिच्याकडे मी येणार आहेच, पण आधीचे समजल्याशिवाय ते समजणार नाही. तोवर एवढीच विनंती की, नणंदबाईंना शब्द देऊ नका.

हा आजार दुर्मीळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. आजही सर्वाधिक रुग्ण जपान आणि चीनमधील असले, तरी भारतातील कुटुंबांचीही नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. आपल्या शरीरात 'एडार' (ADAR) नावाचे एक जनुक आहे. त्याच्यात बिघाड असला की हा आजार होतो, हे 2003 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यांपैकी एक प्रत बिघडलेली असली तरी डाग दिसतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी काही ठिकाणी जास्त रंग तयार करतात, तर काही ठिकाणी त्या पेशीच कमी असतात. त्यामुळे काळे आणि पांढरे ठिपके एकमेकांत मिसळून हातापायांच्या पाठीवर जाळीसारखी नक्षी दिसते. तळहात आणि तळपाय स्वच्छ राहतात. मुलीचे तळहात उघडून पाहा, तिथे काही सापडणार नाही.

आता पुढे काय होईल, याबद्दल. ठिपके लहानपणी उमटतात, साधारण वयात येण्याच्या सुमारास त्यांचे पसरणे थांबते आणि त्यानंतर ते आयुष्यभर आहेत तसे राहतात. ते जात नाहीत आणि पुढेही सरकत नाहीत. त्यांनी आयुष्य कमी होत नाही, हातांतील जोर कमी होत नाही, बोटे वाकडी होत नाहीत, संवेदना जात नाही आणि बाळंतपणात अडचण येत नाही. पुस्तकातील या विधानांवर विश्वास बसत नसेल तर तुमच्या सासऱ्यांचे आयुष्य डोळ्यांपुढे आणा. माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या कुटुंबांजवळ असा पुरावा असतो. अठ्ठ्याहत्तर वर्षे ते हात घेऊन त्यांनी वखरणी केली असेल, डवरे धरले असतील, कापूस वेचला असेल, बैल धुतले असतील. त्यांच्या हातांवरची नक्षी तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा होती तितकीच ती शेवटच्या वर्षीही होती का, हे तुम्हीच आठवून पाहा. यजमानांच्या हातांबाबतही हाच प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या मुलीच्या पुढच्या पन्नास वर्षांचे उत्तर कोणत्याही तपासणीपेक्षा या दोन माणसांच्या हातांत अधिक स्पष्टपणे सापडेल. एकाच कुटुंबात कोणाला ठिपके कमी तर कोणाला जास्त असू शकतात, पण आजाराची चाल तीच असते.

मग दर उन्हाळ्यात ते वाढल्यासारखे का दिसतात? कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा काळे ठिपके आणि आजूबाजूची निरोगी कातडी दोन्ही रापतात, पण पांढऱ्या ठिपक्यांत रंगच नसल्याने ते रापत नाहीत. दोघांतील फरक ठळक होतो आणि नवे डाग आल्याचा भास होतो. आखाड-श्रावणात तेच हात पुन्हा मवाळ दिसू लागतात. खात्री करायची असल्यास माघ महिन्यात एकदा आणि वैशाखात एकदा, एकाच जागी, एकाच वेळेच्या उजेडात हाताचा फोटो काढा आणि ठिपके मोजा. रंगातील फरक दिसेल, संख्येतील दिसणार नाही.

कर्करोगाची भीती तुमच्या मनात कुठून आली असावी, याचा मला अंदाज आहे. मोबाइलवर उन्हातील डागांची माहिती शोधली की झेरोडर्मा पिगमेंटोझम या आजाराची चित्रे समोर येतात आणि ती पाहून कोणाचेही काळीज हलेल. त्या आजारात उन्हाने बिघडलेला जनुकीय मजकूर दुरुस्त करण्याची शरीराची क्षमताच नसते. मूल अगदी लहान असताना थोड्याशा उन्हाने कातडी भाजते, डोळ्यांना उजेड सहन होत नाही, कातडी कोरडी पडून सुरकुतते आणि पुष्कळदा दहाव्या वर्षाच्या आतच त्वचेचे कर्करोग दिसू लागतात. तुमच्या मुलीला वीस वर्षांत यांपैकी एकही गोष्ट झालेली नाही. शिवाय तो आजार बहुधा निरोगी आईबापांच्या पोटी, नात्यातल्या लग्नांत अधिक दिसतो, तर तुमच्याकडे हे डाग आजोबा, बाप, लेक असे सरळ उतरत आलेले आहेत. त्वचेच्या तुकड्याची तपासणीही झालेली आहे. तुमच्या मुलीच्या डागांचे कर्करोगात रूपांतर होणार नाही.

आता महारोगाबद्दल, म्हणजे कुष्ठरोगाबद्दल. तो शब्द पत्रात लिहितानाही तुमचा हात अडखळला असावा, कारण आधी तुम्ही नुसते 'त्याहून वाईट' असे लिहिले आहे. आपल्या मुलखात या शब्दाचे ओझे फार जुने आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले ते याच विदर्भात, आणि तरीही डाग दिसला की बाजूला सरकून बसणारी माणसे याच विदर्भात आजही आहेत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि त्या जागी स्पर्श, ऊन-गार कळेनासे होते. तुमच्या मुलीच्या डागांवर कापसाचा बारीक धागा फिरवला तर डोळे मिटून ती नेमकी जागा सांगेल. तिचा आजार जंतूंचा नाही, तो कोणाला लागत नाही आणि त्याचा कुष्ठरोग होऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट सांगतो, जी गावात चारचौघांत सांगितली तरी चालेल. उद्या कोणाला खरोखर कुष्ठरोग निघालाच, तरी त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ते ठरलेले महिने घेतले की रोग बरा होतो, आणि 2019 च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही उरलेले नाही.

याला जोडून एक सावधगिरी. या डागांमुळे कुष्ठरोग होत नाही, तसा त्यांच्यामुळे तो टळतही नाही. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत तो अजून आढळतो. त्यामुळे पुढे कधी मुलीच्या, यजमानांच्या किंवा तुमच्याही अंगावर एखादा नवा, मोठा, बधिर चट्टा दिसला तर 'हे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच' म्हणून सोडून देऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताई घरोघरी तपासणीला आल्या आणि त्यांनी मुलीचे नाव संशयितांत लिहिले तर रागावूही नका. ते त्यांचे काम आहे. डॉक्टर पाहतील, तुम्ही मेडिकल कॉलेजचा कागद दाखवा आणि नाव वगळले जाईल. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाशेजारी ठेवा, कारण तो पुढेही कामास येणार आहे.

औषधाबद्दल मी स्पष्टच लिहितो. हे डाग कायमचे घालवणारे औषध आज नाही. काळ्या ठिपक्यांवर लेझर आणि पांढऱ्या ठिपक्यांवर निरोगी त्वचेचे बारीक तुकडे बसवणे असे उपचार काही मोजक्या रुग्णांवर करून पाहिलेले आहेत आणि त्यांतील काहींना फरकही पडला. परंतु आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेझरनंतर पुन्हा काळे पडण्याचा धोका असतो, खर्च मोठा असतो आणि दोन्ही हात-पाय भरून असलेल्या शेकडो ठिपक्यांना ते व्यवहारात पुरतही नाही. शहरातील एखाद्या चकचकीत दवाखान्यात कोणी पॅकेज सांगितले, तर त्यासाठी सोयाबीनचा पैसा मोडू नका. मुलगी स्वतः कमावती झाल्यावर, सारे समजून घेऊन, चेहऱ्यावरच्या चार ठिपक्यांसाठी काही करावेसे तिला वाटले तर तो तिचा निर्णय राहील.

आजवर झालेल्या उपायांनी मात्र मला आजारापेक्षा अधिक चिंता वाटते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक 'डागांच्या' मलमांत स्टेरॉइड असते. 2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली, तरी ती सर्रास मिळतात. ती महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते, आणि साधे गजकर्णही वेड्यासारखे पसरते. घरात अशी ट्यूब उरली असेल तर टाकून द्या. बावचीचे तेल तर आपल्या उन्हात अंगाशी येणारी वस्तू आहे. बावचीतील द्रव्य कातडीवर असताना ऊन लागले की कातडी भाजून निघते, फोड येतात आणि फोड भरल्यावर तिथे आधीपेक्षा गडद डाग उरतो. कोडाच्या उपचारात हे द्रव्य तज्ज्ञ मोजून-मापून वापरतात. तुमच्या मुलीला कोड नाही, तेव्हा तिला त्याचा उपयोग काहीच नाही, भाजणे तेवढे हमखास आहे. पथ्याचेही तसेच. दूध, दही, वांगे, लिंबू, मासे यांचा या ठिपक्यांशी कसलाही संबंध नाही. तिला आवडते ते खाऊ द्या.

करण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उन्हापासून बचाव. त्याने आजार बरा होत नाही, पण काळे ठिपके अधिक गडद होत नाहीत आणि नक्षी कमी उठून दिसते. सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीस किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर लावावे. हात धुतले की ते जाते, म्हणून पुन्हा लावावे लागते. ते परवडत नसेल तर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि हातमोजे तितकेच उपयोगी आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे स्कूटीवरून जाणारी प्रत्येक मुलगी डोक्यापासून कोपरापर्यंत गुंडाळलेलीच असते, तेव्हा त्यात कोणाला काही वेगळे दिसणार नाही. फरक इतकाच की, ऊन टाळण्यासाठी घातलेले मोजे वर्गात गेल्यावर काढता येतात आणि लाजेपोटी घातलेले काढता येत नाहीत. तिला कॉलेजच्या खोलीत, पंख्याखाली, ते काढता आले पाहिजेत, आणि त्याची सुरुवात घरात पाहुणे आले असताना 'आत जा' असे न म्हणण्यापासून होते. लग्नकार्यात हातांवर मेंदी काढायची असेल तर खुशाल काढावी, फक्त साधी मेंदी असावी. अर्ध्या तासात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते. त्याची ॲलर्जी झाली तर फोड येऊन नवेच डाग पडतील आणि त्यांचा दोषही या आजाराच्या माथी जाईल.

आता सोयरिकीकडे वळतो. आधी परक्या घरातील स्थळाचे पाहू. मुलीच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे, एक चांगली आहे. ज्याच्या घरात हा आजार नाही अशा मुलाशी तिचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याला तिची बिघडलेली प्रत मिळेल की चांगली, हे नाणेफेकीसारखे आहे. प्रत्येक बाळंतपणाला नाणे नव्याने उडते, त्यामुळे दोन मुले झाली म्हणजे एकाला होणारच असेही नाही आणि पहिल्याला झाले म्हणून दुसरे सुटेल असेही नाही. ज्या मुलाला बिघडलेली प्रत मिळेल त्याचे हात आजोबांसारखे होतील, एवढेच. मुलगा असो वा मुलगी, शक्यता सारखीच असते. इतक्याच गोष्टीसाठी तिने मूल होऊ देऊ नये असे कोणी सुचवले, तर तो सल्ला मानू नका.

हे सारे समोरच्या पक्षाला आधी सांगावे का? माझे मत स्पष्ट आहे, सांगावे, आणि साखरपुड्याच्या आधी सांगावे. मुलगी पाहायला येतील तेव्हा तिचे हात झाकू नका. मेडिकल कॉलेजचा कागद समोर ठेवा, आणि जमल्यास तिथल्या डॉक्टरांकडून 'हा आजार संसर्गजन्य नाही, कुष्ठरोग नाही, कोड नाही, आरोग्यास अपाय करत नाही, अपत्यांमध्ये उतरू शकतो' एवढी पाच वाक्ये मराठीत लिहून, सही-शिक्क्यासह आणा. लपवून केलेल्या लग्नात पुढे कोणत्याही कारणाने खटका उडाला की 'आम्हाला फसवले' हे निमित्त सापडते आणि त्यावरून प्रकरण कोर्टापर्यंतही जाऊ शकते. दोन ठिकाणे फिरली याचे तुम्हाला दुःख आहे, ते मी समजू शकतो. पण जे घर हात पाहून परत गेले त्या घरात, तो हात रोज ताटात वाढताना पाहून, तिला काय ऐकावे लागले असते याचाही विचार करावा.

आणि आता नणंदबाईंची मागणी. आत्याच्या मुलाने मामाची मुलगी करणे आपल्याकडे चालत आलेले आहे आणि नणंदबाईंचा हेतू चांगलाच आहे. 'आमच्याही घरात हेच आहे' हे त्यांचे म्हणणे माणुसकीच्या दृष्टीने मोठे आहे. दुर्दैवाने वैद्यकीय दृष्ट्या नेमकी तीच अडचण आहे. तुमचे यजमान आणि नणंदबाई यांना बिघडलेली प्रत एकाच बापाकडून, म्हणजे तुमच्या सासऱ्यांकडून मिळाली. तीच प्रत यजमानांकडून मुलीकडे आणि नणंदबाईंकडून त्यांच्या मुलाकडे आली. या दोघांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी राहील की, बाळाला आईकडून बिघडलेली प्रत मिळेल आणि वडिलांकडूनही बिघडलेलीच. म्हणजे त्याच्याकडे चांगली प्रत एकही नसेल.

एक प्रत बिघडली तर कातडीवर ठिपके पडण्यावर भागते, कारण दुसरी चांगली प्रत शरीराचे काम सांभाळते. दोन्ही बिघडल्या तर प्रश्न कातडीचा राहत नाही. या जनुकाचे काम शरीरभर चालते. आपल्याच पेशींतील काही घटकांना शरीराने बाहेरचा विषाणू समजून हल्ला करू नये, याची ते काळजी घेते. 2012 साली असे दिसून आले की, या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड असलेल्या काही बालकांना एकार्डी-गुटिएर सिंड्रोम नावाचा मेंदूचा गंभीर आजार होतो. चांगले वाढत असलेले मूल, बरेचदा साध्या तापाच्या निमित्ताने, शिकलेले विसरू लागते, त्याचे अंग ताठते किंवा वेडेवाकडे वळू लागते, आणि गेलेले पुष्कळदा परत येत नाही. उंदरांवरील प्रयोगांत दोन्ही प्रती पूर्ण निकामी केल्या तेव्हा गर्भ टिकलेच नाहीत. जनुकातील प्रत्येक बिघाडाचा परिणाम सारखा नसतो, त्यामुळे तुमच्या घराण्यातील बिघाड नेमका कोणता आहे हे तपासल्याशिवाय या लग्नातून काय निष्पन्न होईल हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु जी गोष्ट टाळणे इतके सोपे आहे, तिच्यासाठी चारांत एक हा धोका पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे. नणंदबाईंना हातांवर ठिपके नसलेला दुसरा मुलगा असता, तर या आजारापुरता तो परक्या स्थळासारखाच ठरला असता, जरी जवळच्या नात्यातल्या लग्नाचे इतर आजारांबाबतचे धोके तिथेही राहिलेच असते.

खात्री करून घ्यायची असल्यास रक्ताची जनुकीय तपासणी होते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे सोयीचे असेल तिथल्या त्वचारोग विभागात जा आणि जनुकीय सल्ल्याबद्दल विचारा. नमुना बहुधा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. आधी एकाच व्यक्तीचे रक्त तपासावे, तिच्यातील बिघाड सापडला की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा असतो आणि ते स्वस्त पडते. परक्या घरात लग्न ठरत असेल तर ही तपासणी सक्तीची नाही. जनुकातील एका विशिष्ट बदलात मात्र, एकच प्रत बिघडलेली असतानाही, ठिपक्यांबरोबर मेंदूचा त्रास दिसल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या तीन पिढ्यांत कोणाला लहानपणापासून झटके येणे, अंग ताठणे, बुद्धी मागे राहणे असे काही झालेले नसेल तर ती शंका मनात आणण्याचे कारण नाही. कोणी असेल, किंवा एखादे मूल लहानपणीच गेलेले असेल आणि घरात त्याचा विषय निघत नसेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. यजमानांच्या चुलत घरांतही विचारून ठेवा.

हे सर्व तुमच्या मुलीला तुम्ही दोघांनी बसून सांगायला हवे. ती बी.एस्सी. करते आहे, त्यामुळे प्रतींचा हिशेब ती तुमच्याआधी मांडेल. आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची तिची इच्छा आहे की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही, तेही तिला विचारा. 'आता कोण करणार हिला' या धास्तीने तिने मान हलवली असेल तर तो होकार धरू नये.

राहिल्या नणंदबाई. त्यांना फोनवर किंवा मधल्या माणसाकरवी नकार कळवू नका, कारण डागांवरून आपल्या मुलाला नाकारले असा अर्थ त्या काढतील आणि माहेर तुटल्याचे दुःख धरतील. यजमानांनी स्वतः त्यांच्या घरी जावे, मेडिकल कॉलेजचा कागद सोबत न्यावा आणि मुलालाही समोर बसवून हे सांगावे, कारण यातले निम्मे त्याच्याही कामाचे आहे. त्याने परक्या घरातील मुलगी केली तर त्याच्या अपत्यांनाही फार तर आजोबांसारखे हात मिळतील. मात्र त्याच्यासाठी यजमानांच्या चुलत घरांतली मुलगी पाहण्याचे पुढे कधी निघाले, तर तिच्या हातांकडे आधी नीट पाहावे लागेल आणि शंका असल्यास तिची तपासणी करून मगच पुढे जावे लागेल. जनुकीय सल्ल्यासाठी जाल तेव्हा त्याला आणि नणंदबाईंनाही सोबत न्या. डॉक्टर तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढतात, आणि तेव्हा सासऱ्यांच्या भावंडांपैकी कोणाचे हात कसे होते हे तुमच्यापेक्षा नणंदबाईंनाच नीट आठवेल.